समोरच्या बाईंचं नाक

चिनू आणि मैत्रेयी,

साऱ्या मुलुंडात, आणि माझ्या मते साऱ्या जगात, रोज इटालियन स्वयंपाक करणारी आणि तो शिजत असताना वर्षानुवर्षं एकदाही चाखून न बघितलेली बाई एकच आहे, आणि ती आमच्या दारासमोर राहते. तुम्ही तिला 'समोरची आजी' म्हणता. आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो, कारण बत्तीस वर्षं त्यांनी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवलं आणि मुलुंड पूर्वेचा निम्मा बाजार त्यांच्या हाताखालून गेला आहे. अजूनही औषधांच्या दुकानातला पन्नाशीचा दुकानदार बाईंना बघून खुर्चीतून उठतो आणि हिशेब तोंडी करतो. समोर कॅल्क्युलेटर असला तरी त्याला हात लावायची त्याची हिंमत होत नाही. दर फोनला तुम्ही विचारता, "समोरची आजी कशी आहे?" आणि मी "मजेत आहे" म्हणून विषय बदलते. फोनवर ते नीट सांगून होण्यासारखं नाही. म्हणून आज बसून सगळं क्रमाने लिहिते आहे.

बाई मूळच्या मालवणकडच्या. त्यांच्या आईने त्यांना दहाव्या वर्षी चुलीपुढे बसवलं आणि एकच नियम घालून दिला. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत अन्नाला जीभ लावायची नाही. आपल्यापैकी बऱ्याच घरांत हा नियम सणावाराला पाळतात. बाईंनी तो रोज पाळला, सकाळ-संध्याकाळ, सत्तर वर्षं. मग मीठ कळणार कसं? तर वासावरून. "अळणी भाजीला वेगळा वास येतो," असं त्या सांगायच्या, इतक्या सहज की जणू अळणी भाजीचा रंगही निळा असतो. मी नवीन राहायला आले तेव्हा एक दिवस त्या पोस्टातलं पाकीट द्यायला दारात उभ्या राहिल्या, नाक वर केलं आणि आत न येताच म्हणाल्या, "तुझ्या आमटीत मीठ राहिलंय गो." मी इंग्रजी शाळेत शिकलेली, ऑफिसात साहेबाची पत्रं टाइप करणारी. मला असल्या गोष्टी पटत नसत. मी हसले आणि पानं घेतली. तुमच्या आजोबांनी पहिला घास घेतला, ते उठले आणि मिठाची बरणी आणली. त्या दिवसापासून ते बाईंना 'प्रयोगशाळा' म्हणतात.

आता या मालवणी प्रयोगशाळेत इटली कुठून शिरली, ते ऐका. बाईंची मुलगी लग्न करून तिकडे गेली, डोंगराच्या पायथ्याच्या एका लहानशा गावात. तिच्या बाळंतपणाला बाई डिंकाचे लाडू, अळीव आणि शेगडीवर टाकायच्या ओव्याची पुरचुंडी घेऊन गेल्या आणि चार महिने राहिल्या. खालच्या मजल्यावर त्यांच्याच वयाची एक इटालियन आजी राहायची. तिकडे आजीला नोन्ना म्हणतात. बाईंना इटालियन येत नव्हतं, नोन्नाला मराठी येत नव्हती, पण दोघींचा आवाज मोठा असल्यामुळे काही अडलं नाही. बाई दुपारी नोन्नाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसू लागल्या. पहिल्याच दिवशी नोन्नाने टोमॅटोचा रस ढवळता ढवळता लाकडी डाव तोंडाला लावला, मान डोलावली आणि तोच डाव परत पातेल्यात घातला. बाई "उष्टं!" म्हणून अशा किंचाळल्या की नोन्नाला वाटलं उंदीर निघाला, आणि ती स्टुलावर चढून बसली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला चवीसाठी वेगळा चमचा नेऊन दिला. नोन्नाने आनंदाने तो घेतला, चाटला आणि पातेल्यात घातला. तिसऱ्या दिवशी बाईंमधली गणिताची शिक्षिका जागी झाली. त्यांनी चमच्याला परकराची नाडी बांधून तो खिडकीच्या कडीला टांगला, आणि नाडी अशी मोजून कापली की चमचा नोन्नाच्या तोंडापर्यंत पोचेल, पण पातेल्यापर्यंत पोचणार नाही. डावाने चमच्यात ओतायचं आणि चमचा तोंडाला लावायचा. नोन्ना पोट धरून हसली, पण नाडी तिने काढली नाही. बाईंनीही तिचा एक गुण मान्य केला. जेवणाआधी ती हात जोडून काहीतरी पुटपुटायची आणि ताटावर शेवटी एक हिरवं पान ठेवायची. ते बेसिल, तुळशीचंच भावंड. बाईंनी ताबडतोब निष्कर्ष काढला, "तीपण नैवेद्य दाखवते. पान ठेवल्याशिवाय जेवत नाही. फक्त तिच्या आईने तिला उष्ट्याचं शिकवलं नाही, त्याला ती काय करणार?"

परत आल्या त्या इटालियन होऊनच. तुम्ही म्हणाल, पिझ्झा? नाव काढू नका. बाईंचं म्हणणं असं की खरं इटालियन जेवण म्हणजे गरिबाघरचं, घरच्या भांड्यातलं, पोटाला हलकं जेवण, आणि ते आपल्याला आधीपासून येतंच, फक्त आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. पोलेंटा म्हणजे मक्याच्या रव्याची उकड. मिनेस्ट्रोने म्हणजे घरात असतील नसतील त्या भाज्यांचं पातळ कालवण, आत मूठभर चवळी आणि थोडा पास्ता. रिसोत्तो म्हणजे आजाऱ्याचा मऊ भात, पण मन लावून केलेला. फोडणी घाण्याच्या शेंगदाणा तेलाची, आणि ऑलिव्हचं तेल वरून चमचाभर, वरणभातावर तूप घ्यावं तसं. मुलगी दर वर्षी चीजचा एक टणक तुकडा पाठवते. तो बाई जायफळासारखा जपतात आणि जायफळाइतकाच किसतात. मासळी बाजारात चांगल्या तिसऱ्या मिळाल्या की लसूण-मिरीवर त्या वाफवून त्यांत स्पॅगेटी घालतात. तिसऱ्यांची उघडलेली शिंपली ताटात वाजायला लागली की तुमचे आजोबा बोलावणं यायच्या आधीच चपला घालतात.

पांढऱ्या सॉसचं मात्र त्यांना वावडं. आमच्या सोसायटीत कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाला केटररने मैद्याच्या दाट पांढऱ्या सॉसमधला पास्ता ठेवला होता. बाईंनी ताटली नाकाजवळ नेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ही खळ कशाला केलीय? पतंग चिकटवायचेत?" मुलाची आई दोन महिने बोलत नव्हती. तिसऱ्या महिन्यात तिने गुपचूप येऊन टोमॅटोच्या साध्या सॉसची कृती लिहून नेली.

त्यांच्या स्वयंपाकघरात घड्याळ नाही. पास्ता त्या पाढ्यांवर शिजवतात. पाण्याला उकळी आली, पास्ता पडला, की शाळेतल्या संथ चालीत 'बे एके बे' सुरू. आखूड पास्त्याला पंचविसापर्यंत, स्पॅगेटीला तिसापर्यंत. मी एकदा मनगटावरचं घड्याळ लावून पाहिलं. दोन ते तीस, नऊ मिनिटं चाळीस सेकंद. आठवड्याने पुन्हा पाहिलं. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. पोलेंटा तर पाऊण तास ढवळावा लागतो. त्याला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी सगळं खर्ची पडतं आणि शेवटी वर्गही येतात. मध्येच फोन आला तर फोन करणाऱ्याला "सतरा चोक अडुसष्ट, बोल, सतरा पंचे पंच्याऐंशी, ऐकतेय" असं ऐकावं लागतं. एकदा बँकेतून कोणीतरी खातेनंबर विचारायला फोन केला होता, खरा की लबाड देव जाणे. बाईंनी त्याला एकोणिसाचा पाढा पूर्ण ऐकवला. त्याने तो बहुतेक लिहून घेतला असावा, कारण पुन्हा फोन आला नाही.

मैत्रेयी, तुला आठवत नसेल, पण चिनूला आठवेल. सुट्टीत आला असताना त्याने बाईंकडे स्पॅगेटीवर सुरी चालवली होती. बाईंनी हात धरला. "तुझ्या आजीकडे शेवया कापून खातोस काय रे? कात्री आणू? केस कापायची आहे माझ्याकडे." मग त्यांनी स्वतः काट्याला गुंडाळी करून दाखवली, आणि ती तोंडापर्यंत नेईस्तोवर तीनदा सुटली. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "हाताने खा." तेव्हापासून बाईंकडे स्पॅगेटी हाताने खायची पद्धत आहे.

मी या सगळ्याची एक फाइल केली आहे, क्रमांक आणि अनुक्रमणिकेसकट. बाई तिला "मॅडमचं दप्तर" म्हणतात. एकदा त्या फाइलच्या निमित्ताने मी एक शंका काढली. नैवेद्याला कांदा-लसूण चालत नाही, आणि बाईंच्या इटालियन स्वयंपाकात तर लसणाशिवाय पान हलत नाही, मग हे देवाला दाखवता कसं? बाईंनी कमरेवर हात ठेवले. "आमच्या गावची देवी कोंबडं घेते, कोंबडं. तिला लसणीचं काय सांगतेस? माका शिकवू नको." मी ते फाइलमध्ये लिहून घेतलं.

दर गुरुवारी त्या आमच्या मजल्यावरच्या चारही घरांना जेवायला बोलवत. आधी देव्हाऱ्यासमोर चांदीची वाटी, त्यात पास्ता, वर बेसिलचं पान, भोवती पाण्याचा गोल हात. मग आमची पानं. मग शेवटी त्या स्वतः. अशी कितीतरी वर्षं गेली, आणि गेल्या वर्षी दिवाळीनंतर बाईंना ताप आला.

आठवडाभराने ताप उतरला, सर्दी गेली, बाई हिंडू-फिरू लागल्या. पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती बाजारात. बाई टोमॅटो घेताना एकेक फळ देठाकडून हुंगतात आणि निम्मे परत ठेवतात. भाजीवाला त्यांच्यासाठी वेगळी टोपलीच ठेवतो. त्या दिवशी त्यांनी टोपलीतले वरचे किलोभर सरळ पिशवीत टाकले. भाजीवालाही बघत राहिला. "बाई, आज तपासणी नाही?" बाई म्हणाल्या, "तुझ्यावर विश्वास बसला." मला ते खटकलं. बाईंचा विश्वास असा एका सकाळी बसत नाही.

त्या गुरुवारी मिनेस्ट्रोनेत मीठच नव्हतं. पुढच्या गुरुवारी दोन वेळा पडलं होतं. तिसऱ्या गुरुवारी लसूण करपून काळा झाला होता आणि सॉस कडू. आम्ही सगळ्यांनी पानं चाटूनपुसून साफ केली. कोण बोलणार? बाईंसमोर आम्ही सगळे तिसरीतच असतो. बाईंनी शेवटी बसून पहिला घास घेतला, थांबल्या, आमच्या रिकाम्या पानांकडे पाहिलं आणि खाली मान घालून जेवल्या. त्यानंतरच्या गुरुवारी त्यांनी निरोप पाठवला की गुडघा दुखतोय, जेवण नाही.

आणि मग ती सकाळ. अकराचा सुमार असेल. मी कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडलं आणि गॅसचा भपकाराच आला. बाईंचं दार नेहमीप्रमाणे उघडंच. आत बाई ओट्याला टेकून, चष्मा लावून, चवळी निवडत बसल्या होत्या. हाताच्या अंतरावर शेगडीवर पातेलं, पाणी उतू जाऊन विझलेला बर्नर, आणि गॅस फुसफुसत चालू. मी धावत जाऊन बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या, दिव्याला हात लावू नका म्हणून ओरडले आणि त्यांना दंडाला धरून बाहेर जिन्यात आणलं.

"झालं काय तुला?" बाई म्हणाल्या. हातात अजून चवळीचं ताट होतं.

"बाई, गॅस! केवढा वास येतोय!"

"कसला वास?"

जिन्यात वास इतका होता की वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारत होतं. बाईंनी नाक वर केलं, जसं त्या नेहमी करतात, आणि हळूच खाली घेतलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून," बाई म्हणाल्या. "कुणाला सांगशील तर बघ."

मी सांगितलं. त्याच दुपारी बाईंच्या मुलाला पुण्याला फोन केला. मला आजही वाटतं की ते बरोबर होतं, आणि आजही वाटतं की ते करण्याआधी मी बाईंना विचारायला हवं होतं. मुलगा गुणी आहे. तो घाबरला. दुसऱ्या दिवशी येऊन बाईंना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वास येईल कदाचित परत, कदाचित नाही, या वयात सांगता येत नाही. मुलाने गॅसच्या पाइपचा कॉक बंद केला आणि आईला सांगितलं, "आई, बस झालं आता. डबा लावतो. दोन्ही वेळचा. रविवारी येतो आणि शेगडी काढूनच नेतो."

बाई मला म्हणाल्या, "मॅडम, फार छान रिपोर्ट दिलास," आणि दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत दिवसा मी ते दार बंद पाहिलं नव्हतं. डबा यायचा, दारात राहायचा. एकदा मी तो उचलून आत द्यायला बेल वाजवली. आतून पाढाही ऐकू आला नाही.

तुमचे आजोबा मला म्हणाले, "तू चूक केली नाहीस. पण अर्धंच काम केलंस. तुझी फाइल कशाला आहे मग?" मी दोन दुपारी फाइल घेऊन बसले. गॅस गळला तर किंचाळणारं यंत्र मिळतं, ते मागवलं. तो प्रश्न सुटला. लसूण करपतो की नाही, ते मी माझ्या दारातून हुंगू शकते, चार पावलांचं तर अंतर. तोही सुटला. राहिलं मीठ. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की जिभेला खारट, आंबट, कडू, गोड कळतं, नाक गेलं तरी. म्हणजे बाईंनी नुसतं चाखून बघितलं असतं तर काही अडलं नसतं. आणि चाखणं तर नैवेद्यानंतरच. इथे मी अडून बसले, आणि मग फाइलमधला माझाच जुना शेरा वाचताना मला ते सुचलं.

शनिवारी सकाळी मी बाईंचं दार इतका वेळ वाजवलं की त्यांना उघडावंच लागलं. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. सरळ विचारलं, "बाई, नैवेद्य दाखवल्यावर अन्नाचं काय होतं?"

"प्रसाद. हे विचारायला आलीस?"

"आणि प्रसाद खाल्लेला चालतो?"

"खावाच लागतो."

"मग नैवेद्य शेवटी कशाला दाखवता? मध्येच दाखवा. सॉस अर्धा झाला की वाटीत काढा, देवीला दाखवा, आणि मग तीच वाटी चाखा. मीठ कमी असेल तर पातेल्यात घाला."

बाई माझ्याकडे अशा पाहत राहिल्या जसं एखाद्या ढ मुलाकडे पाहावं, ज्याने अचानक उत्तर बरोबर काढलं आहे पण रीत चुकवली आहे. "म्हणजे देवीला अर्धं-कच्चं?"

"देवी कोंबडं घेते बाई. तुम्हीच म्हणालात."

मग त्यांनी पाइपचा कॉक उघडायला सांगितला.

मी यंत्र भिंतीला लावलं आणि माझ्या दारात स्टूल टाकून बसले. तेल तापलं, लसूण पडला. मी नाक लावून बसले होते, इतकं मन लावून मी साहेबाचं डिक्टेशनही कधी घेतलं नसेल. "अजून नाही... अजून नाही... आता!" बाईंनी टोमॅटो ओतले. थोड्या वेळाने त्यांनी चांदीच्या वाटीत चमचाभर सॉस काढला, देव्हाऱ्याशी गेल्या, पाणी फिरवलं आणि देवीला म्हणाल्या, "जरा सांभाळून घे गो आई." मग वाटी घेऊन ओट्याशी आल्या, इकडेतिकडे बघितलं, जणू त्यांची आई दारात उभी आहे, आणि सत्तर वर्षांत पहिल्यांदा पातेलं शेगडीवर असताना जिभेला थेंब लावला.

"अगो," बाई म्हणाल्या, "हे तर अळणी!"

आणि हसायला लागल्या. हसता हसता ओट्याला धरून खाली बसल्या. "सत्तर वर्षं त्या देवीने काय काय गिळलं असेल गो माझ्या हातचं! आणि एक शब्द बोलली नाही!"

रविवारी मुलगा आला तो पाना-पकड घेऊनच. बाईंनी त्याला हात धुवायला लावले आणि पानावर बसवलं. तिसऱ्यांची स्पॅगेटी होती, हाताने खायची. मी आणि तुमचे आजोबा समोर बसलो होतो, पण आमचं लक्ष आमच्या पानात नव्हतं. सगळं त्याच्या पहिल्या घासावर अवलंबून होतं. त्याने घास घेतला. शिंपलं बाजूला ठेवलं. दुसरा घेतला. तिसरा. मग म्हणाला, "आई, आज मीठ अगदी बरोबर आहे."

"आज म्हणजे?" बाई म्हणाल्या. "एरवी नसायचं?"

मुलाने तुमच्या आजोबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आई, रागावू नकोस. तुझं नाक चांगलंच होतं. दहातून आठ वेळा बरोबर यायचं. पण बाबांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डबी असायची ना..."

"तपकिरीची."

"मिठाची. तू वाढायला वळलीस की बाबा आम्हा दोघांना चिमूट-चिमूट वाटायचे, आणि तुझ्यासाठी उरलेल्या पातेल्यातही हळूच टाकायचे. वर बोट ठेवायचे तोंडावर."

बाई वाढायचा डाव हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. मी त्यांना कधी शिंकताना पाहिलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदाच लक्षात आलं.

"चाळीस वर्षं मी त्या माणसाला तपकीर सोड म्हणून भांडले," बाई शेवटी म्हणाल्या, "आणि तो म्हणायचा, सोडतो, सोडतो." मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि त्याच दमात म्हणाल्या, "घे अजून, गार होतंय. आणि ती पकड उचल पानाजवळून, लोखंड आहे."

शेगडी राहिली. डबा बंद झाला. मुलाने यंत्राची बॅटरी तपासली, माझा नंबर स्वतःच्या फोनमध्ये 'आईचं नाक' या नावाने ठेवला, आणि पुढच्या गुरुवारपासून आमची चारही घरं पुन्हा जेवायला बसू लागली. रोज अकराच्या सुमाराला मी दारात स्टूल टाकून बसते, हातात वर्तमानपत्र असतं, आणि "आता!" म्हणून ओरडते. खालच्या मजल्यावर नवीन आलेल्या मुलीने मध्यंतरी वॉचमनला विचारलं म्हणे, की दुसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज कशाला ओरडतात.

या उन्हाळ्यात मुलीने बाईंना तीन महिन्यांसाठी तिकडे नेलं. समोरच्या दाराला कुलूप आहे. दुपारी साडेतीनला, म्हणजे तिकडे जेवणवेळेच्या आधी, फोन वाजतो. पडद्यावर आधी छत दिसतं, मग बाईंचं कपाळ, मग नोन्नाचं स्वयंपाकघर. खिडकीच्या कडीला तीच नाडी, तोच चमचा. आता त्या चमच्याने बाई चाखतात, वाटीचा नैवेद्य दाखवून झाल्यावर, आणि नोन्ना टाळ्या वाजवते. मग बाई तव्यातला लसूण फोनच्या अगदी जवळ आणतात.

"बघ गो मॅडम. झाला?"

मी एकदा म्हटलं, "अहो बाई, नोन्ना शेजारीच उभी आहे. तिला विचारा ना, तिला वास येतो."

"तिचं काय ऐकायचं? ती अजून डाव चाटते. आणि तिला 'आता' म्हणता येत नाही."

मग मी चष्मा पुसून पडद्यावरच्या लसणाच्या कडा बघत बसते. अजून नाही. अजून नाही. "आता!" टोमॅटो पडतात, चर्र असा आवाज होतो, आणि मुलुंडात, माझ्या खोलीत, समोरचं दार बंद असताना, मला खरंच लसणाचा वास येतो. मी नीट तपासून पाहिलं आहे. आमच्याकडे त्या वेळी काहीही शिजत नसतं.

रविवारी तुमचा फोन येतो तेव्हा मी माझं ताट कॅमेऱ्यासमोर धरते आणि विचारते, वास येतोय का, आणि तुम्ही दोघं हसता. या रविवारी मी विचारीन तेव्हा लगेच हसू नका. जरा नाक वर करा, थोडं थांबा, आणि मग सांगा.

तुमची,
आजी